इंटरनेटची पाणपोई

मुंबईच्या कोणत्याही मोठ्या रेल्वे स्थानकावर उतरलेल्या प्रवाशास फलाटावर वायफायची पाटी दिसते. ही सेवा मोफत असल्याचे तीवर लिहिलेले असते आणि ते खोटे नाही. पहिल्या अर्ध्या तासाकरिता रेलटेल ही सरकारी कंपनी एक पैसाही घेत नाही. परंतु या सेवेचा लाभ घ्यावयाचा तर प्रथम आपला मोबाइल क्रमांक भरावा लागतो, मग त्या क्रमांकावर ओटीपी येतो, आणि तो भरला म्हणजे दार उघडते. ज्याच्या मोबाइलला नेटवर्क आहे, ज्याच्या रिचार्जची मुदत संपलेली नाही आणि ज्याचा क्रमांक भारतीय आहे, त्याच्यासाठी ही व्यवस्था उत्तम आहे. अडचण इतकीच, की अशा माणसास स्थानकावरच्या वायफायची फारशी गरज नसते. ज्याला ती खरोखर असते, म्हणजे ज्याचे सिमकार्ड बंद पडले आहे, ज्याचा मोबाइल गाडीत चोरीस गेल्याने जो दुसऱ्याच्या उपकरणावरून घरी निरोप धाडू पाहतो आहे, किंवा जो आजच परदेशातून आला आहे, तो दाराबाहेरच राहतो. ओठ ओले असल्याची खूण पटविल्यावाचून घोटभर पाणी न देणारी पाणपोई आपल्या पूर्वजांनी कोठे बांधल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

हा प्रश्न किरकोळ आहे, असे कोणी म्हणेल. घटकाभर इंटरनेट मिळाले नाही तर असे काय बिघडते? पंधरा वर्षांपूर्वी हा आक्षेप रास्त ठरला असता. तेव्हा प्रवासात इंटरनेट हाताशी असणे ही एक सोय होती. नसल्यास माणूस पाटी वाचत असे, चहावाल्याला विचारत असे, खिशातील टेलिफोनची डायरी काढत असे. आज ती सोय राहिलेली नसून शहरात वावरण्याची अट झाली आहे आणि हा बदल कोणत्याही विधिमंडळात ठराव होऊन झालेला नाही. लोकलचे तिकीट मोबाइलवर काढले आणि तपासनीस समोर उभा असता बॅटरी संपली, तर रेल्वेच्या नियमाप्रमाणे तो प्रवासी विनातिकीट ठरतो. पैसे भरलेले असूनही ठरतो. टॅक्सीचे भाडे, वडापावचे पैसे, औषधाच्या दुकानातील बिल यांसाठी रोकड बाळगण्याची सवय लोकांची मोडत चालली आहे आणि सुट्ट्या पैशांची सवय दुकानदारांची तर केव्हाच मोडली. उतरण्याच्या ठिकाणाचा पत्ता मोबाइलमध्ये, भाच्याचा नंबर मोबाइलमध्ये, परळच्या रुग्णालयात दाखवावयाचे कागद मोबाइलमध्ये. सातारा-सांगलीकडून आजारी माणसाला घेऊन आलेल्या गृहस्थाचे नेटवर्क ऐन वेळी गेले, तर तो त्या क्षणी अक्षरशः अनोळखी, निर्धन आणि दिशाहीन होतो. महानगरात परके वाटणे ही जुनीच गोष्ट आहे. एका काचेच्या पट्टीतला प्रकाश मावळला म्हणून ते वाटावे, ही मात्र नवी आहे.

या संदर्भात ज्या व्यवस्थेचे आज कोणी नावही काढत नाही, तिचे स्मरण करणे उचित होईल. १९८४ साली सी-डॉटची स्थापना झाली, १९८६ च्या एप्रिलमध्ये मुंबई व दिल्लीची दूरध्वनी सेवा महानगर टेलिफोन निगमाकडे आली आणि त्यानंतरच्या दहाएक वर्षांत गल्लोगल्ली पिवळ्या पाटीचे एसटीडी-आयएसडी-पीसीओ उभे राहिले. काचेचे खोके, आत लाल आकडे सरकवीत जाणारा मीटर आणि रात्री अकरानंतर पाव दर लागतो म्हणून ताटकळलेली रांग, हे दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना अधिक सांगावयास नको. अनेक बूथ अपंगांना आणि माजी सैनिकांना चालविण्यास दिलेले असत, त्यामुळे त्यांत एक सामाजिक शहाणपणही होते. पण त्या व्यवस्थेचा सर्वांत मोठा गुण असा, की रुपयाचे नाणे टाकणाऱ्यास तू कोण, कोठला, तुझ्याकडे घरी टेलिफोन आहे काय, असे कोणी विचारीत नसे. टेलिफोन नसलेल्यांसाठीच तो टेलिफोन होता. ही साधी गोष्ट त्या काळच्या कारकुनी कारभारालाही उमगली होती, आणि आजच्या तंत्रकुशल कारभाराला ती उमगू नये, याचा विस्मय वाटतो.

मोबाइल आला तेव्हा त्याने ही बूथे एका दिवसात उठविली नाहीत. १९९५ च्या जुलै अखेरीस देशातील पहिले मोबाइल संभाषण झाले आणि त्याच वर्षीच्या स्वातंत्र्यदिनी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वांना खुले केले. दोन्ही गोष्टी पुष्कळ काळ श्रीमंतांपुरत्याच राहिल्या. आलेल्या फोनचेही पैसे भरण्याचे दिवस २००३ पर्यंत होते. महाराष्ट्रीय प्रवाशाच्या वाट्याला तर आणखी एक गंमत आलेली होती. दूरसंचाराच्या नकाशात मुंबई हे एक मंडळ आणि गोव्यासह उर्वरित महाराष्ट्र हे दुसरे. त्यामुळे पुण्याचा मोबाइल मुंबईत शिरला की ‘रोमिंग’मध्ये जाई, पण पणजीत गेला तर घरचाच राही! ज्या राजधानीसाठी या राज्याने एवढा लढा दिला, तिच्यात पाऊल टाकताच मराठी माणसाचा टेलिफोन परदेशी गेल्यासारखा दर लावीत असे. २०१३ आणि २०१५ साली नियामक प्राधिकरणाने हे दर खाली आणले आणि २०१६ च्या सप्टेंबरात जिओ बाजारात उतरल्यावर सुरू झालेल्या स्पर्धेत ते लवकरच नाहीसे झाले.

या स्पर्धेचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. जगात अत्यंत स्वस्त डेटा मिळणाऱ्या देशांत भारताची गणना होऊ लागली, हमालापासून हवालदारापर्यंत सर्वांच्या हाती इंटरनेट आले, आणि लोकलच्या डब्यात पत्त्यांचे अड्डे ओसरून प्रत्येक जण आपापल्या पडद्यात मग्न झाला. परंतु सर्वांच्या हाती आले असे म्हणताना ‘सर्व’ या शब्दाने आपली फसगत होते. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढविले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात, डेटा नको असलेल्या ग्राहकासाठी नुसते बोलण्याचे व संदेशांचे स्वतंत्र पॅक ठेवा, असे नियामक प्राधिकरणास कंपन्यांना बजावावे लागले. म्हणजे वृद्ध, मजूर, साधा मोबाइल वापरणारी माणसे यांच्या गळ्यात नको असलेला डेटा बांधला जात होता, हे सरकारी पातळीवरही मान्य झाले. रिचार्जची मुदत संपली आणि वर काही दिवस लोटले, की येणारे संदेशही थांबतात, ओटीपी थांबतो, आणि ओटीपी थांबला म्हणजे बँक, तिकीट, वायफाय ही सारी दारे एकदम लागतात.

सार्वजनिक वायफायचे प्रयत्न झाले नाहीत असे मुळीच नाही. किंबहुना घोषणांच्या बाबतीत आपण कोणाला हार जाणार नाही. जानेवारी २०१६ मध्ये गूगल आणि रेलटेल यांनी मुंबई सेंट्रलपासून आरंभ केला आणि २०१८ पर्यंत ४०० स्थानकांवर ही सेवा नेली. २०२० च्या फेब्रुवारीत गूगलने अंग काढून घेण्याचे जाहीर केले, कारण डेटा एवढा स्वस्त झाल्यावर या उपक्रमाची निकड उरली नाही, असे त्या कंपनीचे म्हणणे होते. रेलटेलने ती सेवा पुढे चालविली, ही समाधानाची बाब. मात्र २०२१ पासून अर्ध्या तासानंतरच्या वापराला पैसे पडू लागले. २०१७ च्या जानेवारीत राज्य सरकारने ‘आपले सरकार मुंबई वायफाय’ या नावाने ५०० ठिकाणी सेवा सुरू केली आणि महाराष्ट्र दिनापर्यंत १२०० ठिकाणांचे उद्दिष्ट सांगितले. त्या खांबांपैकी एखादा शोधून त्याखाली उभे राहण्याचा उद्योग वाचकांनी जरूर करून पाहावा. २०१८ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने तर २०२२ पर्यंत देशात एक कोटी सार्वजनिक वायफाय केंद्रांचे लक्ष्य ठेवले होते. ते वर्ष उलटून गेल्यावरही हा आकडा काही लाखांच्या घरात घुटमळत राहिला.

यातील एक योजना मात्र विचाराने सरस होती, म्हणून तिचा निराळा उल्लेख करतो. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘पीएम-वाणी’ योजनेस मान्यता दिली. कोणाही किराणा दुकानदाराने वा चहावाल्याने परवान्याच्या कटकटीवाचून आपल्या दुकानातून गिऱ्हाइकांस वायफाय विकावे, अशी ती कल्पना. या दुकानांना ‘पीडीओ’ असे नाव दिले होते आणि त्यात जुन्या पीसीओची आठवण उघड होती. पाच-दहा रुपयांत घटकाभर इंटरनेट, तेही शेजारच्या दुकानात! पण घरच्या जोडणीचे दर निराळे आणि अशा दुकानाकडून मागितले जाणारे दर कित्येक पट अधिक, अशी स्थिती राहिल्याने दुकानदारास परवडेना. घरगुती दराच्या दुपटीहून अधिक आकारता येणार नाही, अशी मर्यादा नियामक प्राधिकरणाने घातली ती जून २०२५ मध्ये. साडेचार वर्षे एखादे रोप पाण्यावाचून ठेवावे आणि मग ते वाढत का नाही, याची चौकशी करावी, असा हा प्रकार झाला.

आता ओटीपीच्या अटीचा विचार करू. ती कोणा कारकुनाच्या लहरीतून निघालेली नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जुलै २००८ मध्ये अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्यांची जबाबदारी घेणारा ई-मेल स्फोटांच्या काही मिनिटे आधी नवी मुंबईतील एका घरच्या उघड्या वायफायचा गैरफायदा घेऊन पाठविण्यात आला होता. त्यानंतरच्या वर्षी दूरसंचार खात्याने वायफाय वापरणाऱ्याची ओळख नोंदविण्याचे निर्देश दिले. ज्या शहराने २००८ चा नोव्हेंबर पाहिला, त्या शहरात बसून सुरक्षेची ही चिंता हास्यास्पद ठरविण्याचा अधिकार कोणालाच नाही. प्रश्न ओळख विचारावी की नाही, हा नसून ती एकाच रीतीने का विचारावी, हा आहे. विमानाने येणाऱ्या परदेशी पाहुण्याचे पारपत्र सरकारनेच तपासून त्यावर शिक्का मारलेला असतो. लांब पल्ल्याच्या गाडीने येणाऱ्याच्या आरक्षित तिकिटावर नाव, वय आणि पीएनआर क्रमांक असतो. ही ओळख ओटीपीपेक्षा कमी विश्वासार्ह आहे काय? स्थानकावरच्या खिडकीवर ओळखपत्र दाखवावे, नोंदवहीत सही करावी आणि तासाभराचा परवलीचा शब्द छापलेली चिठ्ठी घ्यावी, इतकी साधी दुसरी वाट ठेवण्यात सुरक्षेची कोणतीही हानी आम्हांस दिसत नाही. मोबाइलमधून येणारी ओळख तेवढी खरी आणि समोर उभ्या असलेल्या माणसाची ओळख संशयास्पद, हा विचित्र उलटा न्याय झाला.

परंतु या सर्वांवर कडी केली ती भुयारी मेट्रोने. कुलाबा ते आरे अशी ३३.५ किलोमीटरची ही तिसरी मार्गिका मुंबईला भूषणावह आहे, यात शंका नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिचा आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा टप्पा खुला झाला, मे २०२५ मध्ये गाडी वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत आली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ती कफ परेडला पोहोचली. २७ स्थानके, त्यांतील एक वगळता सारी जमिनीखाली. गाड्या वातानुकूलित, स्थानके चकचकीत, आणि त्यांत शिरल्याबरोबर बहुसंख्य प्रवाशांचे मोबाइल मुके! तिकीट मोबाइलवर काढा असे सांगणाऱ्या पाट्यांखाली लोक पैसे चुकते होण्याची वाट पाहत चक्राकडे टक लावून उभे होते. कारण काय, तर भुयारात मोबाइलची यंत्रणा कोणी बसवावी, तिचे भाडे कोणी किती द्यावे, याविषयी मेट्रो महामंडळ आणि दूरसंचार कंपन्या यांच्यात एकमत नव्हते. महामंडळाने ते काम निविदेद्वारे एका त्रयस्थ कंपनीस दिले होते. आम्ही आमची यंत्रणा स्वतःच बसवू, मध्यस्थाचे भाडे आम्हांस मान्य नाही, असे बड्या कंपन्यांचे म्हणणे होते. पुढे तिकिटापुरती सोय म्हणून स्थानकांत मोफत वायफाय देण्यात आले, पण ते तिकीटघराच्या मजल्यावर. खाली फलाटावर आणि गाडीत प्रवासी पुन्हा मुकाच.

या वादात कोणाची बाजू कायद्याने बरोबर होती, याचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. २०२३ चा दूरसंचार कायदा आणि त्याखाली जानेवारी २०२५ पासून लागू झालेले मार्गाधिकाराचे नियम दोन्ही पक्ष आपापल्या सोयीने वाचीत होते. आम्हांस खुपते ते निराळेच. लंडनची भुयारी रेल्वे १८६३ साली सुरू झाली. तेथील जुन्या, अरुंद बोगद्यांत तारा ओढण्यास जागा नाही, म्हणून स्थानकांवर वायफाय येण्यास २०१२ चे ऑलिंपिक उजाडावे लागले आणि बोगद्यात ४जी येण्यास २०२०. त्यांना निदान दीडशे वर्षांच्या विटांकडे बोट दाखविता येत होते. मुंबईचे भुयार २०१७ मध्ये खणावयास घेतले गेले, तेव्हा खणणाऱ्या कामगारांच्याही खिशात मोबाइल होता! पाण्याचा निचरा, हवा, आग, वीज या सर्वांचा विचार नकाशावर होऊ शकतो आणि प्रवाशाने घरी ‘उशीर होईल’ एवढे कसे कळवावे याचा करार मात्र उद्घाटनाची फीत कापल्यानंतरही अपुरा राहतो. गाडी बोगद्यात थांबली आणि एखाद्याला छातीत कळ आली, तर डब्यात चालकाशी बोलण्याची यंत्रणा आहे, हे खरे. पण त्या माणसाच्या मुलीशी बोलण्याची नाही.

तंत्रज्ञान आले की जुने सार्वजनिक टेलिफोन जाणारच, हे अटळ आहे. त्या जागी काय आणावयाचे, हे मात्र शहराच्या हाती असते. न्यूयॉर्कने २०१६ पासून आपल्या टेलिफोनच्या खोक्यांच्या जागी उंच खांब उभारले. त्यांवर वायफाय मोफत, देशांतर्गत टेलिफोन मोफत, मोबाइल भारित करण्याची खोबणी आणि संकटकाळी दाबावयाचे एक बटण. खर्च जाहिरातींतून भागवायचा. मे २०२२ मध्ये शहराचा शेवटचा जुना सार्वजनिक टेलिफोन काढण्याचा छोटेखानी समारंभही तेथे झाला. सारे सुरळीत झाले असे नाही. खांबांवरील पडद्यांसमोर काही लोक तासन् तास ठाण मांडू लागले म्हणून २०१६ मध्येच तो भाग बंद करावा लागला, आणि या खांबांतून नागरिकांवर पाळत ठेवली जाते काय, हा वादही गाजला. पण मोबाइल नसलेल्या माणसासही रस्त्यावरून एक फोन करता आला पाहिजे, हे तत्त्व त्या धंदेवाईक शहराने सोडले नाही. मुंबईने आपले पिवळे टेलिफोन कोणत्याही समारंभावाचून, कोणत्याही पर्यायावाचून भंगारात जाऊ दिले.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मोबाइलची जाळी कोसळली आणि लक्षावधी माणसे घरच्यांशी एक शब्दही न बोलता रात्रभर कमरेइतक्या पाण्यातून चालत राहिली. त्या रात्री ज्या बूथवर आणि दुकानात टेलिफोन चालू होते, तेथे लोक रांगा लावून एकेक निरोप देत होते. आज अशी रात्र आली, तर आपल्यापाशी अधिक मोबाइल आहेत, अधिक मनोरे आहेत, आणि दुसरा मार्ग एकही नाही. उलट पैसे, पत्ता, तिकीट हे सारे त्या एकाच धाग्याला टांगून ठेवल्यामुळे धागा तुटण्याची किंमत वीस वर्षांत किती तरी वाढली आहे.

शहाणी माणसे आपल्यापुरता बंदोबस्त करतात. नकाशा आधी उतरवून घेतात, दोन-चार क्रमांक कागदावर लिहितात, पन्नासाच्या दोन नोटा पाकिटाच्या मागच्या कप्प्यात ठेवतात, बॅटरीचा डबा बाळगतात. लोकलचे वेळापत्रक नेटवर्क नसतानाही दाखविणारे एम-इंडिकेटर मुंबईकरांनी डोक्यावर घेतले, ते त्याच्या कर्त्याने हे शहर ओळखले म्हणून. पण नागरिकांच्या हुशारीवर व्यवस्थेने आपला आळस पोसावा, हे बरे नव्हे. बेस्टच्या बसच्या कपाळावरील देवनागरी आकडा, थांब्यावरील मार्गांची पाटी, फलाटावरचा ठळक दर्शक यांनी कितीएक पिढ्यांना कोणाचीही मिनतवारी न करता घरी पोहोचविले. प्रत्येकाजवळ मोबाइल आहे, या समजुतीने ही पाटी रंगविण्याचे काम मागे पडते, तिकिटाची खिडकी अर्धा दिवस मिटलेली असते आणि सुट्टे पैसे देणारा माणूस यंत्राकडे बोट दाखवितो. ज्या स्थानकावर मोबाइलवरून तिकीट घेण्याची सक्तीवजा विनंती आहे, त्या स्थानकात नेटवर्क, मोबाइल भारित करण्याची जागा आणि रोख पैसे घेणारी एक उघडी खिडकी असणे हे परवान्याच्या अटींत लिहिले गेले पाहिजे. आणि ती अट न पाळणाऱ्या स्थानकात, बॅटरी संपल्यामुळे तिकीट न दाखवू शकलेल्या प्रवाशाकडून दंड घेण्याचा हक्क रेल्वेस वा मेट्रोस राहता कामा नये. क्रमांक सांगितल्यावर तिकीट पडताळून पाहण्याचे यंत्र तपासनीसाच्या हाती देता येते. लांब पल्ल्याच्या गाड्यांत ते देऊन कित्येक वर्षे झाली.

मस्जिद बंदर भागात केशवजी नायक यांच्या नावाची एकोणिसाव्या शतकातील पाणपोई आहे. मुंबईत अशा अनेक पाणपोया दानशूर व्यापाऱ्यांनी बांधल्या. त्या माणसांसाठी होत्या, तशाच गाड्या ओढणाऱ्या बैलांसाठीही होत्या. बंदरावर आलेला माल उचलावयाचा तर हमालाला आणि जनावराला पाणी लागते, एवढा रोकडा हिशेब त्यांच्यामागे होता. रेल्वे, मेट्रो, बेस्ट आणि महापालिका यांच्या चार निरनिराळ्या तिकिटांचा, चार निरनिराळ्या वायफायचा आणि चार निरनिराळ्या ओटीपींचा कारभार एका टेबलाशी बसून जुळविण्यास त्याहून अधिक परोपकारबुद्धी लागणार नाही. पाहुण्या प्रवाशाला तासाभराचा एकच परवलीचा शब्द चर्चगेट, घाटकोपर आणि आरे या तिन्ही ठिकाणी चालेल, एवढ्यापासून या संस्थांनी आरंभ केला तरी पुष्कळ होईल. त्यासाठी नवे भुयार खणावे लागत नाही.